मासोरी, ये बाहेर

१७ सप्टेंबर १९९२, गुरुवार

मला काम मिळालं! पुजारणीचं. राक्षसाच्या.

वॉर्ड ऑफिसात जपानीचा वर्ग चालतो, तिथे मिचिको-सान आम्हाला शिकवतात – फुकट, हौसेनं. त्यांचा धाकटा भाऊ ओकुमुरा. पोटासाठी शाळांतल्या मुलांचे फोटो काढतो, उरलेल्या वेळात सिनेमा. आता त्यानं कैजूचा सिनेमा काढायला घेतलाय. कैजू म्हणजे इमारतीएवढा प्राणी. समुद्रातून येतो, गाव तुडवतो, आत माणूस असतो. या कैजूची म्हणे एका बेटावर पूजा होते, आणि पुजारीण परदेशी दिसायला हवी. वर्गात आम्ही पाच जणी. दोघी चिनी – त्या परदेशी दिसत नाहीत. ब्राझीलची पोटुशी. फिलिपिनो बाईला रविवारी चर्च. राहता राहिले मी.

ओकुमुरा-सान वर्गाच्या दाराशीच मला न्याहाळून म्हणाला, "तो कपाळावरचा ठिपका – तो काढू नका हं!" पगार नाही. बेंतोचा डबा मिळेल.

हरीशला सांगितलं. पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "जा की. वेळ जाईल."

वेळ जाईल! अडीच वर्षं दुसरं काय करतेय मी?

२० सप्टेंबर, रविवार

दुपारभर काही केलं नाही. बाल्कनीत कपडे वाळत होते ते बघत बसले.

कालपासून एक डोक्यात आहे, लिहून टाकते. इथे आलो तेव्हा एप्रिल होता. कंपनीची सगळी मंडळी चेरीच्या झाडांखाली निळ्या ताडपत्र्या पसरून बसली होती. साहेबांच्या बायकोनं मला काहीतरी विचारलं, त्यातलं फक्त 'ओकोसान' कळलं. मी तोंड उघडायच्या आत हरीश म्हणाला, "इमासेन." बाईंनी मान हलवली आणि मला एक भाताचा गोळा दिला. घरी येऊन मी शब्दकोशात पाहिलं. ओकोसान – मुलंबाळं. इमासेन – नाहीत.

पुढे वर्गात कळलं की फोनवरही हेच म्हणतात. अमुक-सान आहेत का? इमासेन. म्हणजे आत्ता इथे नाहीत, बाहेर गेलेत. दोन्हीला एकच शब्द. म्हणजे हरीश तसा खोटं बोलला नाही. फक्त जपानीत बोलला.

चिंचवडला बॅगा भरताना त्यानं एकच अट घातली होती. "तिकडे गेल्यावर हा विषय नको, शैला. मला झेपणार नाही." अल्बम सासूबाईंच्या कपाटात राहिला. मी हो म्हटलं. तेव्हा कोणीही काहीही विचारलं तरी मी हो म्हणत होते.

या वहीतसुद्धा तिचं नाव कधी लिहिलं नाही. आज लिहून बघते.

ज्ञानदा. तीन वर्षं, दोन महिने. मेंदूज्वर. पाच दिवस. १६ जुलै १९८९.

लिहिलं. काही झालं नाही. अक्षरसुद्धा नेहमीसारखंच आलंय.

४ ऑक्टोबर, रविवार

पहिला दिवस. एका गोदामात गाव मांडलंय, गुडघ्याएवढं. घरं कसली म्हणावं – दुधाची खोकी! इथल्या बायका दुधाची खोकी धुऊन, कापून, वाळवून सुपरमार्केटच्या डब्यात नेऊन टाकतात. मिचिको-साननी सगळ्या वर्गाकडून मागवली होती. त्यात माझी साठेक असतील. ओकुमुरा-साननं वर कौलं रंगवली, खिडक्या कापल्या. एका घराच्या गच्चीवर काडीला चिंधी बांधली होती, कपडे वाळत घातल्यासारखी.

कैजूच्या आत हिरायामा-सान. वय पंचावन्न, सकाळी टोफूचं दुकान, रविवारी राक्षस. सूट जुन्या गाद्यांच्या फोमचा. शेपटी मासेमारीच्या गळानं वर उचलतात, त्यासाठी दोन कॉलेजची पोरं. कैजूला अजून नाव नाही. सगळे 'तो' म्हणतात.

मला काम नव्हतं. पांढरी चादर गुंडाळून बसले. हिरायामा-सान माझ्या साठ खोक्यांवरून चालत गेले. खोकं चिरडताना फार आवाज होत नाही. शूटिंग थांबवून ओकुमुरा-साननं त्यांना विचारलं, "जरा वाईट वाटल्यासारखं चालता येईल का?"

११ ऑक्टोबर, रविवार

आज माझा प्रसंग होता.

समुद्र म्हणून एक सेंतो घेतलंय – सार्वजनिक न्हाणीघर, दोन वर्षांपूर्वी बंद पडलेलं. भिंतीवर फुजी पर्वत रंगवलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले. मोठ्या हौदात गार पाणी भरलं आणि त्यात आंघोळीची निळी पूड ओतली. झाला समुद्र! लाटांसाठी दोन पोरं बादल्यांनी पाणी ढकलत होती. हिरायामा-सान सूट घालून तळाशी बसले, तोंडात बागेतल्या पाइपाचं टोक. मी हौदाच्या कडेला गुडघे टेकून मंत्र म्हणायचा आणि कैजूनं वर यायचं.

मंत्र कुठला? ओकुमुरा-सान म्हणाला, "तुमच्या भाषेत काहीही म्हणा. कोणालाही कळणार नाही."

मी बेचा पाढा म्हटला. बे पंचे दहापर्यंत गेले तेव्हा त्यानं थांबवलं. "काहीतरी विकताय असं वाटतंय." मग नक्षत्रं म्हटली, अश्विनी भरणी कृत्तिका. ते म्हणे ऐकायला छान आहे, पण यात कोणी कोणाला बोलावत नाहीये. तो येऊन माझ्या शेजारी उकिडवा बसला. अगदी हळू म्हणाला, "शैलजा-सान, त्याला ऐकू येतंय, पण तो ऐकत नाहीये. अशा कोणाला तरी बोलवा."

कॅमेरा सुरू झाला. मी पाण्याकडे बघितलं. निळं, गार, फरशीच्या चौकटी हलत होत्या. आणि मी म्हटलं –

"मासोळी, पुरे आता. पाणी गार झालं. ये बाहेर."

रागानं नाही, लाडानंही नाही. गॅसवर कुकर ठेवून आलेली बाई बोलते तसं. हिरायामा-सान हौदातून वर आले, अंगावरून निळं पाणी ओघळत. ओकुमुरा-सान ओरडला, "ओके!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. जपानीच्या वर्गात वर्ष पूर्ण झालं तेव्हाच्या सोडल्या तर इथे कोणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मग विचारतो कसा, "मासोरी! हे कैजूचं नाव का?"

नाही म्हणता आलं असतं. सोपं होतं. मी "हाय" म्हटलं. हाय म्हणजे हो.

तिला मी मासोळी म्हणायचे, कारण साबण लावला की हातात ठरायची नाही. बादलीतून बाहेर यायची नाही. रोज संध्याकाळी तेच – पुरे आता, पाणी गार झालं, ये बाहेर. हरीश कामावरून येऊन बाथरूमच्या दाराशी पिवळा टॉवेल दोन्ही हातांनी पसरून उभा. "आली का जाळ्यात?" विचारायचा. मग ती उडी मारायची. रोज. हे आम्हा तिघांशिवाय कोणालाही माहीत नाही. सासूबाईंनाही नाही, त्यांची ती पोथीची वेळ.

मी त्यांना ळ शिकवून पाहिला. जीभ मागे वळवा, टाळूला लावा, सोडा. सगळे चिंच चघळल्यासारखी तोंडं करून बसले. ओकुमुरा-सान, दोन्ही पोरं, हिरायामा-सान अर्धा सूट उतरवून. मासोरी. मासोरी. नाहीच आला कोणाला!

बरंच झालं. र-वाली त्यांची. ळ-वाली माझी.

१२ ऑक्टोबर, सोमवार

हरीशनं विचारलं, काय काय केलंस? म्हटलं, मंत्र म्हटला. "कसला मंत्र?" "असाच." "बरं."

आमटीत मीठ कमी पडलं होतं. दोघांनीही तशीच खाल्ली.

त्याला कळलं तर काय होईल, याचा रात्री विचार करून पाहिला. मी अट मोडली. तीही माइकसमोर! भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. दात काढताना गालात सुई देतात, त्यानंतर स्वतःचा गाल चिमटून बघावा, तसं आहे सगळं.

१ नोव्हेंबर, रविवार

शेवटचा दिवस. कैजू मरतो. का मरतो ते ओकुमुरा-सानलाही नीट सांगता येत नाही. "थकून," म्हणाला.

जेवायच्या सुट्टीत हिरायामा-सान माझ्याजवळ येऊन बसले. गळ्यापर्यंत राक्षस, वर टक्कल. दुकानातून माझ्यासाठी तळलेला टोफू आणला होता, मांस नको म्हणते म्हणून. विचारलं, "मासोरी म्हणजे काय हो?"

"छोटा मासा."

हसले. एवढं मोठं धूड आणि छोटा मासा! मग जरा वेळानं म्हणाले, "त्या दिवशी मी पाण्याखाली होतो. शब्द ऐकू आले नाहीत, आवाज आला. माझ्या आईची हाक अशीच यायची. कोणाला बोलवत होतात?"

मी म्हटलं, "इमासेन."

त्यांनी पंजे जमिनीला टेकवले आणि वाकून नमस्कार केला. एक नख गळून पडलं. ते उचलून त्यांनी खिशात ठेवायला पाहिलं, पण सुटाला खिसा नव्हता.

२३ मे १९९३, रविवार

एका सभागृहात सिनेमा दाखवला. एकतीस माणसं, त्यांत निम्मी नातेवाईक. नाव मोठ्या अक्षरांत – 'महाकैजू मासोरी'. लोक पहिल्यापासून हसत होते. गळाची दोरी दिसते, फुजीचे पापुद्रे दिसतात, एका घरावर दूध कंपनीची गाय दिसते. माझा प्रसंग आला तेव्हाही हसले. मीही हसले थोडी.

हरीशला बोलावलं नव्हतं. तोही म्हणाला नाही येतो म्हणून.

६ जुलै, मंगळवार

मासोरीचा सूट आज मोठ्या कचऱ्याच्या गाडीत गेला. ओकुमुरा-साननं फोन करून आधी विचारलं होतं, तुम्ही ठेवता का? दोन खोल्यांत कुठे ठेवू? आणि हरीशला काय सांगू? नको म्हटलं. फोम कुजायला लागला होता म्हणे.

गाडी आली तेव्हा तिथे मी नव्हते. बायका जात नाहीत. तिला नेलं तेव्हाही मी घरीच होते, शेजारच्या काकूंनी हात धरून बसवलं होतं.

८ एप्रिल १९९४, शुक्रवार

हरीशनं जेवताना मध्येच विचारलं, "तुझ्या त्या सिनेमाचं पुढे काय झालं गं?"

"कचऱ्यात गेला."

"अच्छा."

मग वाटीत चमचा फिरवत राहिला. आमटी गार झाली. गरम करून देऊ का म्हटलं, तर उठलाच.

उद्यापासून त्याला शनिवारी ओव्हरटाइम. दुपारी जायचं, पाचपर्यंत यायचं. मंदी आहे म्हणतात, ऑफिसात अर्धे दिवे लावतात, आणि याला मात्र सुट्टीच्या दिवशी बोलावतात!

१४ मे, शनिवार

कपडे धुवायला काढले तर हरीशच्या ऑफिसच्या बॅगेत टॉवेल. "उकडतं तिथे," म्हणाला. इथल्या मे महिन्यात?

विचारायचा कंटाळा आला. धुऊन, घडी करून परत बॅगेत ठेवला.

१६ जुलै, शनिवार

आजची तारीख.

हरीश ओव्हरटाइमला. दर वर्षी या तारखेला तो काहीतरी काढतो. पहिल्या वर्षी ओसाकाला मीटिंग होती. आज मी भात-वरण केलं, देवापुढे दिवा लावला, भांडी घासली. तो परत आला तेव्हा डोळे लाल होते. सर्दी, म्हणाला. मी आल्याचा चहा दिला.

मला त्याचा राग येतो का? बघितलं शोधून. येतो. एवढं एक शिल्लक आहे. इमासेन म्हणाला त्याचा.

१० ऑगस्ट, बुधवार

मिचिको-सान वर्गात आल्या त्याच कात्रण फडकवत. सगळ्यांदेखत वाचून दाखवलं. मासोरी प्रसिद्ध झाली!

कोणीतरी कॉलेजच्या मुलांनी सिनेमाची व्हिडिओ टेप काढली, तिच्या टेपा निघाल्या, त्या टेपांच्या टेपा. आता स्टेशनपलीकडे पाचिंकोच्या, म्हणजे जुगाराच्या यंत्रांच्या, दुकानावर एक छोटं थिएटर आहे, तिथे एप्रिलपासून दर शनिवारी दोन वाजता मासोरी लागते. बघायला येणारे डोक्यावर टॉवेल ठेवून येतात, सेंतोत ठेवतात तसा. लाकडी बादल्या आणतात, बडवतात. अर्धा सिनेमा तोंडपाठ. आणि माझा प्रसंग आला की सगळे उभे राहून म्हणतात –

"मासोरी! पुरे आता! पानी गारु झारा! ये बाहेरु!"

मिचिको-साननी हे सगळं कात्रणातून वाचलं, शाळेतल्या कवितेसारखं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. लेखात लिहिलंय, ही एक लुप्त झालेली बेटावरची भाषा असावी. मी मान खाली घालून बसले. लुप्त भाषेत उद्याची भाजी काय करायची याचा विचार केला. दोडका.

२१ ऑगस्ट, रविवार

सुप्रभाताईंचा फोन. त्या इचिकावाला राहतात, मराठी मंडळींचा गणपती त्याच बसवतात. सुरुवातीपासून हसतच सुटल्या.

"अगं शैलजा, आमची विभा मैत्रिणीकडून कसली टेप घेऊन आली! तो राक्षस वर येतो, आणि त्याला कोणी म्हणतंय पाणी गार झालं! मी स्वयंपाकघरातून धावत आले. म्हटलं ही तर आपली शैलजा! विभा मला सांगते, आई, ती जादूची भाषा आहे. म्हटलं, मेल्ये, ही तुझी मातृभाषा आहे!"

मी हसले. आवाज काढून.

"पण मासोळी कोण गं?"

मला तयारीच करता आली नाही. हे मराठीत कोणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. म्हटलं, "मांजर होती आमची. चिंचवडला."

"अय्या! मांजराला आंघोळ?"

"हो ना," म्हटलं.

फोन ठेवला आणि तिथेच बसले. मांजर. हरीश निदान नाहीत म्हणाला. मी तिची मांजर केली! चार वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात ज्याबद्दल गुन्हेगारासारखं उभं करून ठेवलंय, ते मी एका वाक्यात केलं, आणि वर हो ना म्हटलं.

खूप लाज वाटली. कान गरम झाले. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, आणि ते हे.

दुसरं – फोन ठेवताना सुप्रभाताई म्हणाल्या, गणपतीत टेप लावू या! अकरा सप्टेंबरला, रविवारी, आरती झाली की. "सगळ्यांना धमाल येईल. हरीशरावांना पहिल्या रांगेत बसवू!"

२२ ऑगस्ट, सोमवार

वीस दिवस.

पहिल्या रांगेत हरीश. पडद्यावर निळं पाणी. माझा आवाज. चाळीस मराठी माणसं खो खो हसणार, आणि त्याला चाळीस माणसांसमोर कळणार की मी तिला हौदाशी बसून बोलावलं होतं. कोणीतरी त्यालाही विचारणारच, मासोळी कोण हो? तो काय म्हणेल? इमासेन? की माझ्याकडून ऐकून तोही म्हणेल – मांजर?

नको. कोणीही पुन्हा ती नाही असं म्हणायला नको. मीही नाही.

२४ ऑगस्ट, बुधवार

वर्ग संपल्यावर मिचिको-सानना म्हटलं, त्या प्रसंगातला माझा आवाज काढता येईल का? त्यांना वाटलं, पुन्हा चांगला करून द्यायचा आहे. मला नीट सांगताही येईना. 'लाज' आणि 'दुःख' यांचे जपानी शब्द माहीत आहेत मला, पण त्यांना जोडणारं काही येत नाही.

म्हणाल्या, ओकुमुरा शनिवारी थिएटरवर असतो, तूच बोल. आणि मला एका वहीच्या पानावर चार ओळी लिहून दिल्या, वाचून दाखवायला. कृपया माझा आवाज काढून टाकावा. तसदीबद्दल क्षमस्व.

टेपांचं काय? टेपांच्या टेपांचं? ते नंतर बघू. सुप्रभाताईंना सांगेन की टेप लावू नका, खरं काय ते सांगेन. फोन दोनदा उचलला. ठेवला.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

आज हरीशला सांगायचं ठरवलं होतं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून. पोळ्या झाल्या की सांगू. जेवण झालं की सांगू.

तो टीव्हीवर बेसबॉल बघत होता. त्याला बेसबॉलमधलं काही कळत नाही. पाठ थोडी वाकलीये त्याची, केस कानाशी पांढरे झालेत. मला कधी दिसलेच नव्हते. तिच्या वेळी सगळे काळे होते.

"उद्या आहे ओव्हरटाइम?"

"हं."

"किती दिवस चालणार हे?"

माझ्याकडे बघितलं त्यानं. नीट बघितलं. काहीतरी म्हणणार होता. मग म्हणाला, "संपेपर्यंत."

"एक सांगायचं होतं," मी म्हटलं.

"मलाही," म्हणाला. मी वाट बघितली, त्यानंही बघितली असेल. बेसबॉलमध्ये कोणीतरी काहीतरी मारलं, लोक ओरडले. तो उठून दात घासायला गेला.

उद्या दोन वाजता जाते. आधी आवाज काढून घेते, मग सांगते. तो पाचला येईल तेव्हा मी घरी असेन. कुकर लावलेला असेल. आणि सांगेन – तिला मी हाक मारली, आणि नंतर मांजर म्हटलं. दोन्ही सांगेन.

२७ ऑगस्ट, शनिवार

थिएटर भरलेलं. डोक्यांवर टॉवेल. मी पुढे कोपऱ्यात बसले, पर्समध्ये मिचिको-सानचा कागद. हौदाचा प्रसंग आला, सगळे उभे राहिले. मासोरी! बादल्या बडवल्या. मागच्या रांगेतून एक आवाज आला. तो ओरडत नव्हता. मासोळी, म्हणाला. ळ अगदी जागच्या जागी.

मला मागे वळता येईना. कैजू पाण्यातून वर आला. टाळ्या झाल्या, थांबल्या, लोक खाली बसले. मग तोच आवाज एकटाच, दाराशी उभं राहून विचारावं तसं –

"आली का जाळ्यात?"

हे वाक्य सिनेमात नाही.